आमची गळती परत द्या

"अगं, शोकेसचा मधला कप्पा रिकामा कशाला केलास?"

"पत्र आलंय ना तुमचं? मग ढाल ठेवायची कुठे, माझ्या डोक्यावर?"

पाणीखात्याचे मुख्य अभियंता, म्हणजे आपले साहेब, चहाचा कप हातात धरून शोकेससमोर उभे राहिले. पत्र आलं होतं हे खरं. देशभरातल्या पाणीखात्यांची मिळून एक संघटना होती. ती दरवर्षी सर्वांत कमी गळती असणाऱ्या उत्कृष्ट खात्याला एक फिरती ढाल देत असे, आणि यंदा शेवटच्या यादीत चक्क आमच्या खात्याचं नाव लागलं होतं.

"नाव लागलंय फक्त. ढाल मिळालेली नाही अजून," साहेब म्हणाले.

"ताईकडे तीन आहेत," बायको म्हणाली, आणि काचेवर फडकं फिरवू लागली.

विषय संपला. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण, आणि ताईचे यजमान म्हणजे साहेबांचे साडू. ते वीजखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या घरी जेवायला गेलं की पाहुण्यांना हमखास त्या खुर्चीवर बसवत, जिथून त्यांच्या तिन्ही ढाली घास घेता घेता दिसाव्यात. साहेबांची नोकरी आता संपत आली होती, आणि खात्याने त्यांना आजवर एकच गोष्ट सढळ हाताने दिली होती, ती म्हणजे शहरातल्या शहरात बदली. निवृत्तीच्या आत एक ढाल घरात यावी आणि एकदा तरी साडूंना आपल्या घरच्या खुर्चीवर तसंच बसवावं, एवढीच त्यांची माफक इच्छा होती.

आता आमचं खातं या यादीत गेलं कसं, असं तुम्ही विचाराल. खात्यातसुद्धा सगळे एकमेकांना हेच विचारत होते. शुद्धीकरण केंद्रातून किती पाणी सुटलं आणि लोकांच्या घरी किती पोचलं, यातला फरक म्हणजे गळती. पण केंद्रावरचं मोठं मीटर वयोमानाने थकलेलं होतं. पाणी वाहताना ते मधूनच एखादा आकडा पुढे सरकवी, गोष्ट ऐकता ऐकता पेंगणारा माणूस 'हं' म्हणतो तसा. त्यामुळे जेवढं सोडलं त्याहून जास्त पाणी लोकांना मिळालं, असा हिशेब निघाला. संघटनेने कळवलं, हे अद्भुत आहे. आमची समिती येईल आणि शहरातून पायी फिरेल. वाटेत एकही गळती दिसली नाही, तर ढाल तुमची.

शहरात गळत्या उदंड होत्या, पण बाकीच्या सगळ्या मर्यादशील. जमिनीच्या आत राहून गुपचूप गळायच्या. चारचौघांत तोंड वर करून वाहणारी एकच होती, आणि ती साहेबांच्या घरामागच्या तिठ्यावर होती.

तिठ्यावर रस्त्याच्या कडेला एक व्हॉल्व्ह होता. इस्पितळाकडे जाणारी मोठी लाइन तिथून जाई, आणि इस्पितळाची म्हणून ती रात्रंदिवस भरलेली असे. त्या व्हॉल्व्हच्या मानेशी अंगठ्याएवढी धार लागलेली होती. कधीपासून, ते कुणालाच आठवत नव्हतं. टपाल यायचं तेसुद्धा 'गळतीसमोर' एवढ्या पत्त्यावर बिनचूक. बाकी वस्तीतल्या नळांना सकाळी तासभर पाणी, तेही नळ खोकतोय की वाहतोय असा प्रश्न पडावा इतपत. गळती मात्र आठही प्रहर, स्वच्छ आणि जोरदार. तिठ्यावरच्या सलूनवाल्याने ती धार एका पाइपात घेऊन तिला नळ बसवला होता, का तर पाणी वाया जाऊ नये. रांग कशी लावायची, कपडे कुणी कधी धुवायचे, गॅरेजवाल्याने गाड्या किती वाजेनंतर धुवायच्या, हे सगळं शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाईंनी लावून दिलं होतं. त्या रांगेत दोन घरांची सोयरीकही जुळली होती. थोडक्यात, आमच्या खात्याची शहरात एकच सेवा धड चालत होती, आणि ती म्हणजे ही गळती.

साहेबांनी फिटरला बोलावलं. फिटर खात्यातला सर्वांत जुना माणूस. पाना कमरेला अडकवल्याशिवाय तो लग्नालासुद्धा जात नसे.

"तिठ्यावरची गळती बंद करायचीय."

"करतो की साहेब. आधी पण सात-आठ वेळा केलीय."

"मग?"

"दर वेळेला थोडी वाढली."

साहेबांनी विचार केला. काम दाखवायचं असतं तर फिटर चालला असता. पण या खेपेला काम खरंच व्हायला हवं होतं. म्हणून त्यांनी बाहेरचा खासगी प्लंबर बोलावला. तो आला, एका दुपारात गळती कायमची बंद करून निघून गेला. सलूनवाल्याचा नळ कोरडा ठणठणीत. व्हॉल्व्हची मान पुसली तर बोटाला ओल लागेना. त्या संध्याकाळी साहेब शीळ घालत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी न्हाणीघरातून हाक मारली, "अगं, पाणी कुठाय आंघोळीचं?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. तुम्हीच बंद केलंत ना काल?"

साहेब टॉवेलवर बाहेर आले. "मी गळती बंद केली. आपल्या घरच्या नळाचा काय संबंध?"

"घरच्या नळाला पाणी आलेलं तुम्ही कधी पाहिलंत?" बायकोने विचारलं. "तुम्ही उठायच्या आत मी मागच्या दाराने तिठ्यावर जाते आणि भरून आणते. इतकी वर्षं काय माझ्या माहेराहून पाणी यायचं वाटलं?"

साहेब पाणीखात्याचे मुख्य अभियंता. आणि त्यांची रोजची आंघोळ गळतीवर चालत होती. त्यांनी टॉवेल घट्ट धरला. दुसरं काही घट्ट धरण्यासारखं उरलंच नव्हतं.

"सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? रोज बादली अंगावर घेतली की म्हणायचात, 'बघ, आमच्या खात्याचं प्रेशर!' तुमचा आनंद का घालवू?"

एवढ्यात दारावर थाप पडली. दारात मोठ्या बाई, त्यांच्या मागे सलूनवाला, इस्त्रीवाल्या काकू, गॅरेजवाला आणि अर्धी वस्ती. प्रत्येकाच्या हातात रिकामी बादली. मोठ्या बाईंनी साहेबांना टॉवेलसकट वरपासून खालपर्यंत पाहिलं. वर्गात उशिरा येणाऱ्याला पाहायच्या तसंच.

"आमची गळती परत द्या."

"अहो बाई, गळती ही काय देण्याची वस्तू आहे? ती दोष आहे."

"दोष तुमच्या नळांत आहे. गळती निर्दोष होती."

"गिऱ्हाइकाच्या अर्ध्या तोंडाला साबण लावून बसलोय साहेब," सलूनवाला कळवळून म्हणाला. "ते अजून खुर्चीतच आहे. शिव्या देतंय, आणि दर शिवीला फेस उडतोय."

"ती तुमची समिती येणार आहे ना?" मोठ्या बाई म्हणाल्या. "येऊ द्या. आम्ही सगळे रिकाम्या बादल्या घेऊन रस्त्याच्या दुतर्फा उभे राहणार. स्वागताला."

साहेबांना ढाल हातून सुटताना दिसली. मागून बायको हळूच पुटपुटली, "त्या गर्दीत मीही असेन हं."

माणूस कोंडीत सापडला की त्याला कधी कधी शहाणपण सुचतं, आणि ते नंतर महागात पडतं. साहेबांना सुचलं की, पाणी तेच, जागा तीच, फक्त गळती न म्हणता त्याला सार्वजनिक नळ म्हणायचं! खासगी प्लंबर पुन्हा आला. त्याच लाइनवरून रीतसर जोडणी झाली, सिमेंटचा ओटा झाला, निळा रंग झाला, वर पाटी लागली. वस्तीला पाणी मिळालं, गळती कागदोपत्री नाहीशी झाली. साहेबांनी आंघोळ केली आणि बऱ्याच दिवसांनी बाथरूममध्ये गाणं म्हटलं.

समिती आली. दोन पुरुष आणि एक बाई, तिघांच्याही पायांत चालायचे भक्कम बूट. साहेबांनी त्यांना ज्या ज्या रस्त्यांनी नेलं ते सगळे कोरडे होते. तिथे पाणी पोचतच नव्हतं, तर गळणार कुठून? शेवटी मंडळी तिठ्यावर आली. समितीच्या बाईंनी नळ सोडला. धार अशी आली की त्यांचे बूट भिजले.

"प्रेशर चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "किती वेळ येतं पाणी?"

"दिवसरात्र," मोठ्या बाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

"दिवसरात्र? आणि किती वर्षांपासून?"

"माझे केस काळे होते तेव्हापासून."

समितीचे तिघे एकमेकांकडे पाहत राहिले. असं खातं त्यांनी आजवर फक्त भाषणांत ऐकलं होतं. साहेब नम्रपणे बुटांकडे पाहत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो भाव समितीने विनय म्हणून लिहून घेतला. खरं तर ती धास्ती होती.

ढाल मिळाली. चांगली वीतभर जाड लाकडाची, वर पितळी थेंब. साहेबांनी साडूंना सहकुटुंब जेवायला बोलावलं, नेमक्या खुर्चीवर बसवलं. साडूंनी पहिला घास घेतला, वर पाहिलं, शांतपणे चावला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण फिरती आहे म्हणे?"

"हो, वर्षभर असते."

"आणि मधे कुठे गळती निघाली तर?"

"तर परत घेतात."

"अरेरे. आमच्या फिरत नाहीत," साडू म्हणाले, आणि त्यांनी वाढून घेतलं.

साहेबांना जेवण गेलं नाही. पण खरं संकट पानात नव्हतं, तिठ्यावर होतं. गळती होती तेव्हा तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. आता ती खात्याचा अधिकृत नळ झाली होती, आणि खात्याच्या प्रत्येक नळाला वेळापत्रक असतं. गावभर फिरून पाणी सोडणारा आणि बंद करणारा आमचा चावीवाला नियमाचा पक्का माणूस. नव्या नळाची नोंद हातात पडताच तो सकाळी तिठ्यावर आला, तासभर पाणी सोडलं, चावी फिरवली आणि निघाला.

"अरे, बंद कशाला केलंस?" सलूनवाला वस्तरा हातात घेऊन धावला.

"तुमच्या विभागाला एक तास."

"पण हे दिवसभर यायचं!"

"ती गळती होती. आता नळ आहे," चावीवाला म्हणाला. "नळाला दिवसभर पाणी नसतं."

पुन्हा बादल्या. पुन्हा साहेबांचं दार. साहेबांनी चावीवाल्याला बोलावून समजावलं, दटावलं, शेवटी विनवलं. तो म्हणाला, "तुम्ही लेखी द्या, मी दिवसभर सोडतो. पण मग बाकीचे विभाग पण लेखी मागतील. आणि त्यांना कुठलं द्यायचं, ते पण लेखी द्या." शहराला पुरेल एवढं पाणी खात्याकडे कधीच नव्हतं. होतं ते फक्त थकलेल्या मीटरच्या हिशेबात.

"सोपं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्याची पुन्हा गळती करा."

घरातही दुसरं काही शिजत नव्हतं. खरं म्हणजे पाण्याअभावी काहीच शिजत नव्हतं. "ढालीत वरण लावू का?" असं बायकोने विचारलं, तेव्हा साहेब उठले आणि फिटरकडे गेले.

"एक काम आहे," ते इकडेतिकडे पाहत म्हणाले. "तिठ्यावरच्या त्या व्हॉल्व्हला जरा... म्हणजे आधी होती तशी... समजलं ना?"

"गळती काढायची?"

"हळू बोल!"

फिटरने कानाला हात लावले. "मुद्दाम? नाही जमायचं साहेब. एक तर नोकरीवर येईल. आणि मुद्दाम करायला मला येतही नाही. आजवर आपण मनापासून दुरुस्तीला गेलो की ती आपोआपच होत आलीय."

साहेबांचा चेहरा उजळला. उभ्या नोकरीत कुणी त्यांना इतकं आशादायक बोललं नव्हतं.

"मग मनापासून दुरुस्त करा!"

हुकूम निघाला. खात्याची सगळी फौज तिठ्यावर लोटली. फिटर खड्ड्यात उतरला. एक जण त्याला पाना देई, दुसरा तोच पाना परत घेई, आणि तिसरा काय चाललंय ते चौथ्याला सांगे. खासगी प्लंबरने केलेलं सगळं उपसून काढलं, जुनं पॅकिंग फेकलं, नवं भरलं, बोल्ट आवळले, वरून सिमेंट. वस्ती भोवती बादल्या घेऊन बसली होती, नाटकाचा पडदा उघडायची वाट पाहावी तशी. इस्त्रीवाल्या काकूंनी तर धार येईल त्या जागी आधीच घमेलं ठेवलं.

"सोडा पाणी!" साहेब ओरडले.

पाणी सुटलं. लाइन घुमली. साहेब वाकले, फिटर वाकला, मोठ्या बाईंनी चष्मा पुसला.

एक थेंब आला नाही.

थोडा वेळ थांबले. पुन्हा दाब वाढवला. मान कोरडी. फिटरने हात फिरवला आणि हात तसाच धरून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"साहेब," तो म्हणाला, "टिकलं! माझ्या हातचं पहिल्यांदा टिकलं हो!"

आमच्या खात्यात उत्कृष्टता आली ती अशी, नेमकी नको त्या दिवशी. खात्यातल्या लोकांनी फिटरला खांद्यावर घेतलं. वस्तीने बादल्या उचलल्या आणि आपापल्या घरी निघाली. सलूनवाला तेवढा जाता जाता म्हणाला, "एकदा चुकायचं ठरवलंत, तर तेही नाही जमलं तुम्हाला."

फिटरने खांद्यावरूनच साहेबांना सांगितलं, "पण साहेब, लाइन जुनी आहे. इथे दाबलं की दाब कुठे तरी जाणारच. एकत्र कुटुंबातल्या भांडणासारखं असतं हे. एका खोलीत गप्प केलं की दुसऱ्या खोलीत भांडी आदळतात."

तो दाब कुठे गेला, हे चार-सहा दिवसांनी कळलं. बायकोने सकाळीच साहेबांच्या हातात दोन बादल्या दिल्या.

"ताईचा फोन आला होता. त्यांच्या अंगणात पाणी वर आलंय. अगदी झऱ्यासारखं. जा आणि भरून आणा."

"मी? साडूंच्या घरी? बादल्या घेऊन?"

"मग काय ढाल घेऊन जाताय?"

इस्पितळाची ती लाइन पुढे वीजखात्याच्या बंगल्यांखालून जात होती. साडूंच्या फाटकाच्या आत, गुलाबाच्या कुंड्यांशेजारी, मनगटाएवढी धार उसळत होती. साडूंनी तिला पाइप जोडून नळही बसवला होता. वीजखात्याचा माणूस, त्याला जोडणीची हौस. शेजारी खुर्ची टाकून ते नाइटपँटवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग लागली होती, आणि रांगेला शिस्त लावायला मोठ्या बाई हजर होत्याच. सगळी तिठ्यावरची वस्ती तिथे लोटली होती.

"साहेब, मागे. मागे," मोठ्या बाई म्हणाल्या. "हुद्दा फाटकाबाहेर."

साहेब रांगेत उभे राहिले. पुढे सरकत सरकत त्यांचा नंबर आला. त्यांनी बादली नळाखाली ठेवली. साडूंनी वर्तमानपत्राची घडी केली.

"या या, साडूभाऊ! ढाल काय म्हणतेय?"

"ठीक आहे."

"मी म्हणत होतो," साडू आवाज चढवून म्हणाले, म्हणजे रांगेलाही ऐकू जावं, "तुमच्या खात्याचं पाणी आमच्या अंगणात गळतंय. रीतसर तक्रार करावी म्हणतो. ती तुमच्याकडेच द्यायची ना?"

रांगेतल्या सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. तक्रार आली की गळती जाहीर, गळती जाहीर झाली की ढाल परत, आणि दुरुस्ती झाली की पाणीही बंद. मोठ्या बाई चष्म्यावरून साहेबांकडे रोखून पाहत होत्या.

"कुठली गळती?" साहेब पाण्याकडे पाहत म्हणाले. "मला तर काही दिसत नाही."

"दिसत नाही?" साडूंनी हात लांब करून नळ बंद केला. बादली अर्धीच भरली होती. "मग काय भरताय?"

साहेबांनी अर्ध्या बादलीकडे पाहिलं. मग घरी जाऊन ती कुणापुढे ठेवायची आहे, ते त्यांना आठवलं.

"साडूभाऊ," ते खालच्या आवाजात म्हणाले, "ढाल हवी तर तुम्ही घेऊन जा. आजच आणून देतो. फक्त बादली पुरती भरू द्या."

साडूंनी दचकून फाटकाबाहेर पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि साहेबांच्या कानाशी आले.

"खुळे आहात का? आमच्या घरात तरी कधी नळाला पाणी येतं? ती ढाल अजिबात सोडू नका. ती तुमच्याकडे आहे तोवर तुम्ही इथे दुरुस्तीला माणूस पाठवणार नाही."

आणि त्यांनी नळ पूर्ण सोडला.